सायलस डीनचा हिशोब

अमेरिकेचा पहिला राजदूत कोण असं विचारलं की बहुतेक जण बेंजामिन फ्रँकलिनचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे, कागदोपत्री पहिला तोच. पण फ्रँकलिन डिसेंबर १७७६ मध्ये पॅरिसला पोचला त्याच्या पाचेक महिने आधीपासून तिथे एक माणूस एकट्याने खिंड लढवत होता. त्याला फ्रेंच येत नव्हतं, ओळखीपाळखी जवळजवळ नव्हत्या, पैसे बेताचे, आणि तरी त्याने इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई लढणाऱ्या अख्ख्या अमेरिकन सैन्याला पुरेल एवढ्या बंदुका, तोफा नि दारूगोळा जमवायचं काम मार्गी लावलं. त्याचं नाव सायलस डीन. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव आलं तर एका ओळीत येतं, आणि तेही बरेचदा भानगडीच्या संदर्भात.

मी स्वतः अकाउंट्सच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला लढाया आणि तह यांच्यापेक्षा त्यातला जमाखर्चच जास्त दिसला. डीनचं सगळं आयुष्य एका साध्या प्रश्नावर येऊन अडकलं, फ्रान्सने अमेरिकेला दिलेला माल भेट होता की उधारी? आणि ह्या प्रश्नाचं खरं उत्तर ज्यांना माहीत होतं त्यांना ते उघड बोलायची सोय नव्हती. हे नीट कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून तेवढंच जरा सावकाश सांगतो.

डीन मूळचा कनेटिकटचा, लोहाराचा मुलगा. येल कॉलेजमधून १७५८ मध्ये बाहेर पडला, मास्तरकी केली, वकिली केली, मग वेदर्सफील्ड गावात आला आणि मेहिटाबेल वेब ह्या व्यापाऱ्याच्या विधवेशी त्याने लग्न केलं, त्यामुळे वकिलीबरोबर दुकान आणि जहाजांचा व्यापारही हातात आला. ती गेल्यावर त्याने एका मोठ्या राजकीय घराण्यातल्या एलिझाबेथ सॉल्टनस्टॉलशी दुसरं लग्न केलं. १७७४ मध्ये कनेटिकटने त्याला फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधी सभेत, पाठवलं. तिथे त्याने आरमाराच्या कामात बराच पुढाकार घेतला, पण १७७५ च्या शेवटी त्याच्याच राज्याने त्याला परत निवडलं नाही. म्हणजे माणूस कामाचा, धंद्याची जाण असलेला, आणि नेमका तेव्हाच रिकामा.

मार्च १७७६ मध्ये काँग्रेसच्या गुप्त पत्रव्यवहार समितीने त्याला फ्रान्सला जायला सांगितलं. वरकरणी तो व्यापारी, रेड इंडियन लोकांशी व्यापार करायला लागणारा माल घ्यायला आलाय असं दाखवायचं. खरं काम वेगळं होतं: फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हर्जेन याला भेटायचं आणि २५,००० सैनिकांचे कपडे नि शस्त्रं, त्याला पुरेसा दारूगोळा आणि १०० तोफा उधारीवर मागायच्या. ज्या देशाने अजून स्वातंत्र्यही जाहीर केलं नव्हतं त्या देशाच्या नावावर उधारी मागायची, विचार करा काय धाडस लागलं असेल.

पत्रांसाठी अदृश्य शाई होती. समितीतल्या जॉन जे याचा डॉक्टर भाऊ जेम्स जे याने ती तयार केली होती. डीन वरवर साधं धंद्याचं पत्र लिहायचा, कधी टिमोथी जोन्स अशा खोट्या नावाने सही करायचा, आणि उरलेल्या कोऱ्या जागेत ह्या शाईने खरा मजकूर. पत्र वाळलं की काहीच दिसायचं नाही. तिकडे अमेरिकेत जॉन जे त्यावर दुसरं द्रव फिरवायचा आणि मग अक्षरं वर यायची. हा जॉन जे लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

डीन जूनमध्ये बोर्दोला उतरला, जुलैच्या सुरुवातीला पॅरिसला आला आणि लगेच व्हर्जेनला भेटला. डीनला फ्रेंच येईना आणि व्हर्जेनला इंग्रजी, म्हणून मध्ये दुभाष्या म्हणून व्हर्जेनचा सेक्रेटरी जेरार बसला होता. व्हर्जेनने गोड बोलून सांगितलं की आमचं सरकार उघडपणे काही देऊ शकत नाही, पण व्यापाऱ्यांनी माल विकला तर आम्ही आडवे येणार नाही, तुम्ही अमुक माणसाला भेटा.

आता फ्रान्सला उघडपणे का देता येत नव्हतं? १७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध हरल्यावर फ्रान्सने कॅनडा घालवला होता, भारतातली त्यांची ताकदही जवळजवळ संपली होती, इंग्लंडवर डाव उलटवायची इच्छा पुरेपूर होती पण आरमार तयार नव्हतं. इंग्लंडशी तहही झालेला. तह असताना शत्रूच्या बंडखोर प्रजेला शस्त्रं दिली तर ते युद्धाचं कारण होतं. म्हणून मधे एक पेढी उभी केली, रोदरिग होर्तालेझ आणि कंपनी. नाव स्पॅनिश, ऑफिस पॅरिसमध्ये, आणि चालवणारा बोमार्शे, घड्याळजीचा मुलगा, तेव्हाचा गाजलेला नाटककार आणि राजाच्या खाजगी कामगिऱ्या करणारा माणूस. रोदरिग होर्तालेझ नावाचा कोणी माणूस कधी अस्तित्वातच नव्हता. आज आपण ज्याला शेल कंपनी म्हणतो ना, अगदी तीच.

फ्रान्सच्या राजाने ह्या पेढीत गुपचूप दहा लाख लिव्र (फ्रान्सचं तेव्हाचं चलन) घातले, स्पेनच्या राजाने तेवढेच, आणि आणखी बरेच पैसे खाजगी व्यापाऱ्यांकडून उभे केले. फ्रेंच सैन्य त्या काळात नव्या पद्धतीच्या तोफांकडे वळत होतं त्यामुळे जुना माल सरकारी कोठारात पडून होता, तो पेढीने घ्यायचा, जहाजात भरून अमेरिकेला पाठवायचा, आणि अमेरिकेने बदल्यात तंबाखू वगैरे माल पाठवायचा, जो विकून पेढी परत नवा माल घेणार. डीनने काँग्रेसच्या वतीने बोमार्शेशी करार केला तो असा, खरेदी-विक्रीचा. त्याच्या दृष्टीने हे पक्कं बिल होतं.

पण ह्याच्या आधी लंडनमध्ये आर्थर ली नावाचा एक व्हर्जिनियाचा माणूस बोमार्शेला भेटला होता, आणि त्याची समजूत झाली होती (काही अंशी बोमार्शेच्या बोलण्यामुळेच) की हा सगळा माल फ्रान्सच्या राजाकडून फुकट मिळणार आहे, तंबाखूचं नुसतं नाटक. त्याने काँग्रेसला तसं कळवलं. शिवाय बोमार्शेने लीला बाजूला ठेवून डीनशी व्यवहार केला हे त्याच्या मनाला फार लागलं. म्हणजे माल निघायच्या आधीच काँग्रेसकडे दोन वेगवेगळे निरोप होते, एक म्हणतो पैसे द्यायचेत आणि दुसरा म्हणतो पैसे द्यायचे नाहीत, आणि जो म्हणतो द्यायचेत तो खोटं बोलून मधले पैसे खातोय. आता सांगा, पैशाची चणचण असलेल्या सरकारला ह्यातला कुठला निरोप आवडेल?

माल निघतानाही हाल झाले. डिसेंबर १७७६ मध्ये बोमार्शे ल आव्र बंदरावर खोट्या नावाने जहाजं भरायला गेला, पण गावात त्याचंच नाटक बसवत होते, त्याला राहवेना, तो तालमी घ्यायला गेला आणि अख्ख्या गावाला कळलं कोण आलंय. इंग्लंडच्या राजदूताने आरडाओरडा केला, फ्रान्सने जहाजं थांबवायचा हुकूम काढला. अँफिट्राइट जहाज तोवर निघून गेलं होतं, तर त्यावरच्या द्यू कूद्रे नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने राहायची-खायची सोय नीट नाही म्हणून ते परत फिरवायला लावलं! तरीही १७७७ च्या वसंतात अँफिट्राइट आणि मर्क्यूर ही जहाजं न्यू हॅम्पशायरच्या पोर्ट्समथ बंदरात लागली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सॅराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइन जवळजवळ ६,००० माणसांसह शरण आला, त्या विजयात ह्या मालाचा मोठा हात होता असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्या विजयामुळेच फ्रान्सने उघड बाजू घेतली, आणि ६ फेब्रुवारी १७७८ ला पॅरिसमध्ये दोन तह झाले, एक व्यापाराचा आणि एक लष्करी मैत्रीचा. अमेरिकेकडून सह्या फ्रँकलिन, डीन आणि आर्थर लीच्या (तोही आता त्यांच्याबरोबर पॅरिसमध्ये काँग्रेसचा प्रतिनिधी होता), फ्रान्सकडून सही केली त्याच दुभाष्या जेरारने.

इथे एक आपल्याकडचा धागा सांगायलाच हवा. फ्रान्स इंग्लंडला फक्त अमेरिकेतच टोचत नव्हता, १७७७ मध्ये सां ल्यूबॅं नावाचा फ्रेंच एजंट पुण्यात नाना फडणवीसांच्या भेटीला आला होता, आणि मुंबईच्या इंग्रजांची त्यामुळे झोप उडाली होती. हा माणूस व्हर्जेनच्या तोलाचा अजिबात नव्हता, बोलायचा फार. पण पुण्यात फ्रेंच पाय रोवतील ही भीती इंग्रजांनी पेशव्यांविरुद्ध परत मोहीम काढण्यामागच्या कारणांपैकी एक होती, आणि ती मोहीम जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कशी संपली ते आपल्याला माहीतच आहे.

परत डीनकडे. काँग्रेसकडून त्याला महिनोन्‌महिने पत्र यायचं नाही. स्वातंत्र्याच्या घोषणापत्राची अधिकृत प्रत त्याच्या हातात पडली तीच नोव्हेंबरमध्ये, तोवर अख्ख्या युरोपाने ते वाचून झालं होतं. ह्या एकटेपणात त्याच्याकडून खऱ्याखुऱ्या चुका झाल्या. युद्धात नाव कमवायला निघालेले युरोपियन अधिकारी रोज त्याच्या दारात उभे राहायचे आणि त्याने बऱ्याच जणांना मोठमोठ्या हुद्द्यांची वचनं दिली. त्यातला १९ वर्षांचा लाफायेत हिरा निघाला, डी काल्बही. पण त्या द्यू कूद्रेला त्याने तोफखान्याचं प्रमुखपद कबूल केलं तेव्हा वॉशिंग्टनचे ग्रीन, सलिव्हन, नॉक्स हे तिघे सेनापती राजीनामे द्यायला निघाले. त्याहून वाईट म्हणजे वॉशिंग्टनच्या जागी एखादा नामांकित युरोपियन सेनापती आणावा असंही त्याने एका पत्रात सुचवलं. काँग्रेसमध्ये त्याच्याविषयी नाराजी सुरू झाली ती इथून, आणि ह्या बाबतीत मी तरी त्याची बाजू घेणार नाही.

दुसरी चूक त्याच्या लक्षातच आली नाही, मरेपर्यंत. एडवर्ड बँक्रॉफ्ट हा त्याचा जुना विद्यार्थी, आता लंडनमध्ये नावाजलेला वैज्ञानिक. त्याला पॅरिसला बोलावून घे असं खुद्द समितीच्या सूचनेतच होतं. तो आला, डीनने त्याला मन मोकळं करून सगळं सांगितलं, आणि बँक्रॉफ्ट लंडनला परत गेल्यावर इंग्लंडच्या गुप्तहेर खात्याला मिळाला. नंतर तो पॅरिसला अमेरिकन लोकांचा सेक्रेटरी असल्यासारखा राहिला. त्याची पद्धत अशी होती: प्रेमपत्रासारखं पत्र लिहायचं, ओळींच्या मध्ये अदृश्य शाईने खरी माहिती, मग ते बाटलीत घालायचं, बाटलीला दोरी बांधायची आणि दर मंगळवारी रात्री साडेनऊनंतर तुइलरी बागेतल्या एका ठरलेल्या झाडाच्या बुंध्याशी असलेल्या भोकात सोडायची. इंग्लंडच्या राजदूताचा माणूस ती घेऊन जायचा आणि नवी बाटली ठेवून यायचा. तहाची बातमी दोन दिवसांत लंडनला पोचली होती. गंमत म्हणजे राजा तिसरा जॉर्ज ह्या माहितीवर फारसा विश्वास ठेवत नसे, कारण बँक्रॉफ्ट शेअर बाजारात सट्टा खेळतो हे त्याला माहीत होतं. आणि आर्थर ली, जो सगळ्यांवर संशय घ्यायचा, त्याने बँक्रॉफ्टवरही आरोप केला होता, पण तो इतक्या जणांवर आरोप करायचा की कोणी मनावर घेतलं नाही.

मार्च १७७८ मध्ये डीनला काँग्रेसचं पत्र आलं की परत या आणि युरोपातली परिस्थिती समजावून सांगा. आरोपाचा त्यात एक शब्दही नव्हता. त्याला वाटलं थोड्या महिन्यांत परत येऊ, म्हणून हिशोबाच्या वह्या आणि पावत्या पॅरिसलाच ठेवल्या. इथे माझ्यासारख्या माणसाचा जीव वरखाली होतो, कारण ज्याच्यावर ऑडिट येणार आहे त्याने व्हाउचर समुद्रापलीकडे ठेवून जाणं म्हणजे काय ते आम्हालाच कळतं. फ्रँकलिनने त्याच्या कामाची तोंडभर स्तुती करणारं पत्र दिलं, राजाने हिरे जडवलेली डबी दिली, आणि तो फ्रेंच आरमाराबरोबर, जेरारच्या सोबतीने, मानाने निघाला. दुसरी बायको एलिझाबेथ आदल्या वर्षीच तिकडे अमेरिकेत वारली होती. त्याचा लहान मुलगा जेसी त्याला भेटायला जॉन अ‍ॅडम्सबरोबर जहाजाने फ्रान्सला यायला निघाला होता, आणि तो पॅरिसला पोचला तेव्हा बापाला तिथून निघून जेमतेम आठवडा झाला होता.

फिलाडेल्फियात त्याला ऑगस्टमध्ये एक-दोनदा बोलावून ऐकलं आणि मग नुसतं ताटकळत ठेवलं. हिशोब दाखवा म्हणाले तर हिशोब पॅरिसला. शेवटी कंटाळून त्याने ५ डिसेंबर १७७८ ला पेपरात जाहीर पत्र छापून आर्थर ली आणि त्याच्या भावांवर तोफ डागली. ह्या भांडणात काँग्रेसचा अध्यक्ष हेन्री लॉरेन्स राजीनामा देऊन मोकळा झाला आणि त्याच्या जागी जॉन जे आला. मग थॉमस पेन उतरला, तो परराष्ट्र समितीचा सेक्रेटरी होता, त्याने पेपरात लिहिलं की माल भेट म्हणून कबूल झालेला होता आणि त्याचे कागद माझ्या ऑफिसात आहेत.

झालं, इथे सगळी गाठ बसली. पेनचं म्हणणं खरं मानलं तर फ्रान्सच्या राजाने तह चालू असताना इंग्लंडला फसवलं हे जगजाहीर होतं. जेरार आता फ्रान्सचा वकील म्हणून फिलाडेल्फियातच बसलेला, त्याने कडक शब्दात खुलासा मागितला. पेनला राजीनामा द्यावा लागला आणि जानेवारी १७७९ मध्ये काँग्रेसने ठराव केला की तहाआधी फ्रान्सने कुठलीही भेट दिलेली नाही. आता भेट नाही म्हणजे उधारी, आणि उधारी म्हणजे डीन खरं बोलत होता, बरोबर? तर्काने तसंच होतं. पण ठराव फ्रान्सची अब्रू वाचवायला केला होता, डीनची नाही, त्यामुळे मनातल्या मनात बरेच जण लीचंच खरं मानत राहिले आणि ना बोमार्शेला पुरते पैसे दिले ना डीनला.

डीन अगदी धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. सरकारी खरेदीबरोबर तो स्वतःचा व्यापारही करायचा, बँक्रॉफ्टबरोबर बातम्यांवर सट्टाही लावला, त्या काळी सरसकट चालायचं हे पण तरी. प्रश्न असा की त्याने सरकारी पैसे खाल्ले का, आणि तसं कधी सिद्ध झालं नाही.

१७८० मध्ये तो हिशोब पूर्ण करायला स्वखर्चाने पॅरिसला परतला. काँग्रेसने तपासायला माणूसच नीट नेमला नाही. पैसे संपत आले, मन खचलं, आणि १७८१ मध्ये त्याने अमेरिकेतल्या मित्रांना पत्रं लिहिली की हे युद्ध आपण जिंकू शकत नाही, इंग्लंडशी समेट करा. ती पत्रं इंग्रजांच्या हाती पडली आणि न्यूयॉर्कच्या इंग्रजधार्जिण्या पेपरात छापून आली, नेमकी अमेरिकेच्या यॉर्कटाउनच्या निर्णायक विजयाच्या आसपास. तिसऱ्या जॉर्जच्या एका पत्रात डीनला ३,००० पौंडांचा माल द्यायला हरकत नाही असा उल्लेख आहे, त्यामुळे ही पत्रं निव्वळ निराशेतून आली की विकत घेतली गेली यावर अजून वाद चालतो. मला निराशा जास्त पटते, पण तो कागद नाकारता येत नाही. पुढे लंडनमध्ये राहताना देशद्रोही बेनेडिक्ट अरनॉल्ड त्याच्याकडे येतो असं कळलं तेव्हा जॉन जेने त्याला लिहिलं की अरनॉल्डला जो अमेरिकन हात देतो तो आपला हात विटाळतो. हा तोच जे, ज्याने कधीकाळी त्याच्या पत्रांवर द्रव फिरवून अक्षरं उजेडात आणली होती.

सप्टेंबर १७८९ मध्ये आजारातून उठलेला डीन बॉस्टन पॅकेट नावाच्या जहाजावर अमेरिकेला निघाला आणि जहाज किनाऱ्यापासून फार लांब जायच्या आतच २३ तारखेला वारला. केंटमधल्या डील गावात त्याला पुरलं. बँक्रॉफ्ट तोपर्यंत त्याचा जवळचा मित्र म्हणूनच वावरत होता, आणि दक्षिण अमेरिकेतल्या विषांचा तो जाणकार होता, म्हणून १९५९ मध्ये ज्युलियन बॉइड या इतिहासकाराने विषप्रयोगाची शंका मांडली. बँक्रॉफ्ट १८२१ मध्ये प्रतिष्ठित माणूस म्हणूनच गेला, त्याची हेरगिरी उघडी पडली ती १८८९ मध्ये, ब्रिटिश सरकारी कागद बाहेर आल्यावर.

बोमार्शेच्या वारसांना अमेरिकेने १८३५ मध्ये ८,००,००० फ्रँक देऊन प्रकरण मिटवलं. डीनच्या नातीने आणि तिच्या नवऱ्याने अर्ज करून करून काँग्रेसला जुने हिशोब परत उघडायला लावले, आणि १८४२ मध्ये काँग्रेसने वारसांना ३७,००० डॉलर दिले, डीनच्या हिशोबाचं आर्थर लीच्या वेळचं जुनं ऑडिट एकतर्फी, चुकीचं आणि डीनवर घोर अन्याय करणारं होतं असं लेखी मान्य करून.

वेदर्सफील्डला त्याचं घर अजून उभं आहे, म्युझियम म्हणून. शेजारचं घर त्याच्या पहिल्या बायकोच्या आधीच्या नवऱ्याचं, वेब कुटुंबाचं. मे १७८१ मध्ये वॉशिंग्टन त्या शेजारच्या घरात उतरला होता आणि फ्रेंच सेनापती रोशांबोबरोबर बसून पुढच्या मोहिमेचे बेत केले होते. डीन तेव्हा पॅरिसमध्ये होता, मित्रांना ती पत्रं लिहीत.